पावसाळा, मक्याची पोती आणि कोंबडीचे यकृत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वलवणचा पाऊस कसा असतो हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावे लागत नाही. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे कोसळतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशे-आठशेवर थांबतो. टाटांनी वलवणला धरण बांधले ते याच पावसाच्या भरवशावर. त्याच योजनेतले खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. शनिवार-रविवारी येणारी मंडळी ज्या धुक्याचे फोटो काढतात, तेच धुके घाटमाथ्यावर कोंबड्यांची शेड असणाऱ्याला मात्र नकोसे असते. त्याच्या शेडच्या कोपऱ्यात खाद्याची पोती रचलेली असतात आणि ती पोती हवेतले पाणी मुकाट्याने पीत असतात.

मावळात भाताच्या जोडीला कुक्कुटपालन करणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांचा व्यवहार कराराचा. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि कष्ट शेतकऱ्याचे. पाच-सहा आठवड्यांनी पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला की कंपनी उचलते आणि किलोमागे ठरलेला पाळण्याचा दर देते. हा दर एकाच आकड्यावर उभा नसतो. मर किती झाली आणि एक किलो वजन वाढायला किती खाद्य लागले, यावर तो वर-खाली होतो. म्हणजे खाद्य कंपनीचे असले, तरी ते बिघडले की फटका शेतकऱ्यालाही बसतो. पावसाळ्यात शेतकरी हमखास एक प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, पक्षी सुस्त दिसतात, वजन धरत नाहीत. कोणते लिव्हर टॉनिक घालू?’ या प्रश्नाचे उत्तर एका बाटलीचे नाव सांगून देता येत नाही. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. जंतू सापडेना, विषाणू सापडेना, म्हणून रोगाला नाव पडले ‘टर्की एक्स रोग’. शोध घेता घेता बोट गेले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे. त्या पेंडीवर ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढली होती आणि तिने पेंडीत एक विष सोडले होते. बुरशीच्याच नावातली अक्षरे घेऊन त्या विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. त्याचे मुख्य प्रकार चार. अतिनील प्रकाशात निळे चमकतात ते ‘बी’ आणि हिरवे चमकतात ते ‘जी’. चौघांत ‘बी-१’ सर्वांत घातक.

हे विष पक्ष्यांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. १९७४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत काविळीची साथ आली. ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतले १०६ दगावले. कापणीच्या वेळी अवकाळी पावसात मका भिजला होता, घरात तो तसाच साठवला गेला आणि लोकांनी तोच खाल्ला. त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडली, कारण त्यांनाही त्याच भाकरीचा तुकडा मिळत होता. साथ संसर्गाची नाही, ताटातली आहे, हे ओळखायला त्या कुत्र्यांचीही मदत झाली.

आता आपल्या शेडकडे येऊ. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो आणि उरलेल्यात सोयाबीनची पेंड मोठी. खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर. नाशिक, जळगाव, जालना किंवा कर्नाटकातून आलेला तो मका पुढच्या जुलै-ऑगस्टपर्यंत कुठल्या ना कुठल्या गोदामात असतो. दाण्यात तेरा टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर बुरशी फारशी हातपाय पसरत नाही. पण दाणा हा काही बंद डबा नव्हे. भोवतालच्या हवेशी तो ओलाव्याची देवघेव करत राहतो. हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के असेल तर कोरडा आलेला मकाही हळूहळू सतरा-अठरा टक्क्यांकडे सरकतो. वलवणच्या जुलैत तर अशी हवा दिवसचे दिवस हलत नाही. त्यातून भरडलेले खाद्य अधिक नाजूक, कारण दाण्याचे टरफल फुटलेले असते आणि बुरशीला आत शिरायला दार उघडेच मिळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बुरशी दिसणे म्हणजे विष असणे नव्हे, आणि बुरशी न दिसणे म्हणजे विष नसणे तर मुळीच नव्हे. बुरशी वाढली, विष सोडले, नंतर मका वाळवला, झटकला, भरडला; बुरशी गेली, विष राहिले. खाद्याच्या गोळ्या बनवताना वाफेचा ताप देतात, त्यात बुरशी मरते. पण अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकघरातल्या किंवा खाद्य कारखान्यातल्या उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे ‘आमचे खाद्य गोळीचे आहे, त्यात काही नसते’ या म्हणण्याला आधार नाही.

भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात ‘बी-१’ चे प्रमाण किलोमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. टनभर खाद्यात चिमूटभर मिठाचाही अगदी छोटा अंश, एवढेच हे प्रमाण. इतके थोडे विष करते तरी काय? खूप जास्त झाले तर पक्षी मरतात, शवविच्छेदनात यकृत फिकट पिवळे, सुजलेले, बोट लावले तर तुटणारे दिसते आणि कातडीखाली रक्त साकळलेले असते. असे प्रकार सहज ओळखू येतात. खरा घोटाळा मधल्या प्रमाणाचा. पक्षी मरत नाही, नुसता मागे पडतो. खातो तेवढेच, पण वजन धरत नाही. पिसे विस्कटतात, पाय फिकट पडतात. दोन हजारांच्या बॅचमध्ये प्रत्येक पक्षी शंभर ग्रॅमने कमी भरला, तर दोनशे किलो वजन गेले आणि मरतुकीच्या वहीत त्याची एक ओळही उमटली नाही.

याहून वाईट म्हणजे हे विष पक्ष्याची प्रतिकारशक्ती खच्ची करते. राणीखेतची लस वेळेवर दिली, गंबोरोची दिली, बाटली बर्फात आणली, सगळे नियमाप्रमाणे केले, आणि तरीही रोग आला. मग दोष लसीला, लस देणाऱ्याला, कधी पिल्लांच्या जातीला दिला जातो. लसीने शरीराला जे शिकवायचे ते शिकण्याची ताकदच खाद्याने काढून घेतली असेल, हे फार कमी वेळा तपासले जाते.

आता यकृताविषयी, कारण झाडपाल्याचा सगळा दावा तिथेच आहे. गंमत अशी की, ‘बी-१’ हे विष पोटात जाते तेव्हा तितकेसे घातक नसते. यकृताचे काम परके पदार्थ मोडून बाहेर टाकण्याचे. यकृतातली विकरे या विषाला हात घालतात आणि मोडता मोडता त्याचे एक अतिशय आक्रमक रूप तयार करतात. ते रूप पेशीतल्या प्रथिनांना आणि जनुकांच्या धाग्याला जाऊन चिकटते. पेशीजवळ त्यावर उताराही असतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ या आक्रमक रूपाला बांधून बाहेर काढतो. म्हणजे प्रत्येक यकृतात एक शर्यत चालू असते, विष तयार होण्याची आणि ते बांधले जाण्याची. बदकाचे पिल्लू ही शर्यत लवकर हरते, टर्कीही हरते, कोंबडी त्यांच्या मानाने तग धरते. पण विषाचा पुरवठा रोज चालू राहिला तर तिचाही साठा संपतो.

आपल्याकडे काविळीवर भुईआवळी देण्याची रीत किती जुनी आहे हे मी सांगायला नको. किराईत, पुनर्नवा म्हणजे घेटुळी, माका, शरपुंखा, कुटकी, गुळवेल, हळद ही सगळी आपल्या औषधी परंपरेत यकृताशी जोडलेली नावे. कोंबड्यांच्या ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांवर आणि पुड्यांवर हीच यादी थोड्याफार फरकाने छापलेली असते. युरोपात हेच स्थान जांभळ्या फुलाच्या एका काटेरी वनस्पतीला आहे. तिच्या बियांतून सिलिमारिन नावाचे द्रव्य काढतात. झाडपाल्याला अलीकडे मागणी वाढली त्यामागे आणखी एक कारण आहे. वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतातही २०१९ साली कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर बंद झाला. मोकळ्या झालेल्या जागेत वनौषधी आल्या.

यांचा उपयोग होतो का? परंपरेवर विश्वास असला तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि आपल्याच राज्यात तो विचारला गेला आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी कोंबड्यांना मुद्दाम अफ्लाटॉक्सिनयुक्त खाद्य देऊन हळदीचा परिणाम तपासला आणि त्यावरचा निबंध २००० साली प्रसिद्ध केला. पुढे २००५ आणि २००७ मध्ये त्याच महाविद्यालयातून ब्रॉयलरवरचे निबंध आले. त्यांत काही पक्ष्यांना अफ्लाटॉक्सिन, काहींना ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला अपाय करणारे दुसरे बुरशीविष आणि काहींना दोन्ही दिली होती, आणि प्रत्येक गटाच्या जोडीला अनेक वनस्पतींचे मिश्रण मिळालेला गट ठेवला होता. दोन्ही विषे एकत्र तपासली हे मला त्यात विशेष महत्त्वाचे वाटते, कारण खऱ्या पोत्यात एकच बुरशी नियम पाळून एकटी वाढत नाही. मिश्रण मिळालेल्या पक्ष्यांत विषाचे दुष्परिणाम कमी आढळले.

२००४ मध्ये इटलीतील संशोधकांनी ब्रॉयलर पिल्लांवर सिलिमारिनचा असाच फायदा दाखवला. २००८ चा अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. त्यात बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचे शास्त्रज्ञही होते. त्यांनी खाद्यात किलोमागे एक मिलिग्रॅम ‘बी-१’ घातले, म्हणजे आपल्या मानकाच्या पन्नासपट. काही पिल्लांना त्यासोबत अर्धा टक्का हळद, काहींना अर्धा टक्का विष शोषणारी विशिष्ट माती, काहींना दोन्ही. हळदीने पिल्लांची वाढ सावरली, यकृताची हानी कमी झाली, पेशींची झीज रोखणारी यंत्रणा बरीचशी टिकून राहिली. त्यांच्या पुढच्या कामात असेही दिसले की, विषाला आक्रमक रूप देणाऱ्या यकृतातल्या विकरांवर हळद थोडा लगाम घालते. मघाच्या भाषेत सांगायचे तर शर्यतीत ती बचावाच्या बाजूला ढकलते.

पण या निकालातला एक शब्द दुकानापर्यंत पोहोचत नाही. तो शब्द म्हणजे ‘अंशतः’. हानी कमी झाली, नाहीशी झाली नाही. विष पोटात जात राहिले, यकृत लढत राहिले, फक्त त्याच्या हातात ढाल आली. हळद पोत्यातले विष खात नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. अर्धा टक्का हळद म्हणजे टनाला पाच किलो. एक पक्षी सहा आठवड्यांत साडेतीन-चार किलो खाद्य खातो, म्हणजे हजार पक्ष्यांना अठरा-वीस किलो हळद लागेल, तीही ज्यात कुर्कुमिन किती आहे हे मोजले आहे अशी. हळदीतले कुर्कुमिन वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे, शिजवण्या-वाळवण्याप्रमाणे बदलते. आता याच्याशेजारी बाटलीवरची सूचना ठेवून पाहा: शंभर पक्ष्यांना पाण्यातून अमुक मिलिलिटर. त्या मिलिलिटरात कोणत्या वनस्पतीचे कोणते द्रव्य किती, हे बहुधा लिहिलेले नसते. सगळी टॉनिके फोल आहेत असे मी म्हणणार नाही. काहींची तपासणी झाली आहे. पण प्रयोगातली हळद आणि बाजारातली बाटली यांच्या नावातले साम्य हा काही गुणाचा पुरावा नव्हे. शिवाय झाडपाला म्हणजे निर्धोक, असेही नाही. ओलसर वाळवलेली मुळे, पाने, मसाले यांच्यावरही हीच बुरशी वाढते. घाटमाथ्यावरच्या शेडमध्ये अर्धी फोडून ठेवलेली पुडी पंधरा दिवसांत गोळा झालेली मी पाहिली आहे. ती पुडी औषध म्हणून खाद्यात मिसळली जात होती.

मग मातीचे काय? बेंटोनाइटसारखी खनिजे आणि प्रक्रिया केलेल्या काही माती यांचे काम वेगळे. त्यांच्या थरांमध्ये अफ्लाटॉक्सिनचे कण अडकतात आणि विष रक्तात न जाता विष्ठेवाटे बाहेर पडते. अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी १९८८ साली हे दाखवले आणि आज खाद्य कारखान्यांत अशी शोषके सर्रास वापरतात. अफ्लाटॉक्सिनसाठी हा उपाय झाडपाल्यापेक्षा सरळ आहे, कारण तो यकृताच्या अलीकडेच विषाला गाठतो. मात्र सगळी बुरशीविषे मातीला चिकटत नाहीत. ऑक्रॅटॉक्सिन आणि टी-२ तिला फारशी दाद देत नाहीत. तिसरी वस्तू प्रोपिऑनिक आम्लाची. ते बुरशीची वाढ थांबवते, पण आधी तयार झालेल्या विषाला हात लावत नाही. शेडवर या तिन्हींना सरसकट ‘टॉक्सिनचे औषध’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक बुरशी रोखते, दुसरे विष अडवते, तिसरे यकृत सावरते. विष आधीच तयार झालेल्या मक्यात आम्ल घालून काय होणार?

खाद्य तपासून घ्यावे, असे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात नमुना घेणे हीच अवघड गोष्ट. विष पोत्यात साखरेसारखे सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत दोन-चार दाणे विषाने भरलेले आणि बाकीचे स्वच्छ, असे असते. वरून एक मूठ घेऊन प्रयोगशाळेत पाठवली तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येणार. दहा-बारा पोत्यांतून, प्रत्येकातून वर-मध्य-तळ असे थोडे थोडे घेऊन, एकत्र कालवून, त्यातून अर्धा किलो काढायचा. शेंगदाण्याचेही असेच आहे. लोणावळ्यात चिक्कीसाठी येणाऱ्या दाण्यातले सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून काढले तर विषाचा मोठा भाग त्या निवडीतच बाहेर पडतो. घरी भाजणी करणाऱ्या आजीने कडू दाणा थुंकून टाकायला सांगितले असेल, तर तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते.

कोंबडी खाणाऱ्यांनी धास्ती घ्यावी का? मांसात या विषाचा अंश फार थोडा उतरतो, यकृतात त्याहून जास्त, आणि स्वच्छ खाद्य मिळू लागल्यावर काही दिवसांत तो उतरणीला लागतो. कलेजी घेताना ती फिकट पिवळी, ठिसूळ असेल तर घेऊ नये, एवढे पुरे. बुरसट शेंगदाणे आणि भिजलेला मका यांतून थेट पोटात जाणारे प्रमाण याहून कितीतरी अधिक असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. तेव्हा लक्ष द्यायचे ते आधी आपल्या डब्यांकडे.

वलवण, तुंगार्ली, कार्ला या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या हातात खाद्य निवडणे नसते, ठेवणे असते. जून ते सप्टेंबर एकदम महिन्याचे खाद्य उतरवून घेऊ नये. आठवड्याला पुरेल एवढेच मागावे, सुपरवायझर कुरकुरला तरी. पोती जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर. पिंपाच्या तळाशी आणि खाद्याच्या भांड्यांच्या कडेला चिकटलेला जुना थर दर दोन-तीन दिवसांनी खरवडून काढावा, कारण नव्या खाद्याला बुरशीचे विरजण तिथूनच लागते. पाण्याची भांडी गळत असतील तर खालचे तूस भिजते आणि पक्षी त्यातले सांडलेले खाद्य वेचतो. टॉनिक द्यायचेच असेल तर एकदा तरी शेडचे जाळीने दोन भाग करावेत, एका भागाला द्यावे, दुसऱ्याला नाही, आणि विक्रीच्या दिवशी दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी वेगळे तोलावेत. बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा हे वजन अधिक खरे बोलेल.

आणि प्रत्येक खेपेच्या खाद्यातून, मघाशी सांगितले तसा, अर्धा किलोचा नमुना काढून त्यावर तारीख आणि पोत्यावरचा लॉट क्रमांक लिहून तो बॅच विकली जाईपर्यंत घरात कोरड्या जागी जपून ठेवावा. वजन कमी भरले आणि पाळण्याचा दर कापला गेला, तर कंपनीशी बोलताना शेतकऱ्याजवळ दाखवायला काहीतरी असेल. हा नमुना कागदी पिशवीत ठेवावा, प्लॅस्टिकच्या नव्हे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि मग बुरशी नमुन्यातच वाढते.